स्ट्रम मशीन: ब्लूग्रास मँडोलिनच्या रियाजाला साथ देणारे ॲप

हिंदी चित्रपटसंगीत ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना मँडोलिन म्हणजे लांबवलेल्या, थरथरत्या सुरांचे वाद्य वाटते. अमेरिकेतील ब्लूग्रास संगीतात मात्र हे वाद्य बहुतेक वेळ तालवाद्याचे काम करते. बिल मन्रो यांनी १९४० च्या दशकात आपल्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या संचातून या शैलीला जो आकार दिला, त्यात ढोल-ताशासारखे कोणतेही वाद्य नव्हते. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वाजायचा, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा ‘चॉप’, म्हणजे चारही जोडतारा दाबून मारलेला आणि डाव्या हाताची पकड लगेच सैल करून तोडलेला कोरडा आघात, पडायचा. ज्याला हे वाद्य शिकायचे आहे त्याच्या रियाजाचा मोठा भाग या आघातावर खर्च व्हायला हवा. प्रत्यक्षात तो धून पाठ करण्यात जातो, कारण एकट्याने चॉप वाजवत बसणे अत्यंत कंटाळवाणे असते. ल्यूक ॲबट यांनी तयार केलेल्या ‘स्ट्रम मशीन’ या ॲपची उपयुक्तता मी याच एका कसोटीवर तपासली आहे.

हे ॲप फक्त साथ करते. गिटार, बास आणि मँडोलिन यांच्या प्रत्यक्ष वाद्यांवरून ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजांतून ते निवडलेल्या धुनेचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, वाजवत राहते आणि पडद्यावर कॉर्डचा तक्ता दाखवते. पारंपरिक धुना आणि गाणी यांचा मोठा संग्रह त्यात आहे. जे नसेल त्याचे कॉर्ड स्वतः लिहून भरता येतात. पट्टी बदलता येते, लय कमीजास्त करता येते, ठरावीक मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवता येतो आणि प्रत्येक आवर्तनानंतर लय आपोआप वाढेल अशी सोयही आहे. इलेक्ट्रॉनिक तबल्यावर ठेका लावून गायचा रियाज करणाऱ्यांना यातले तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

माझ्या मते या ॲपचा सर्वांत मोलाचा उपयोग त्यातील मँडोलिनचा आवाज बंद केल्यावर सुरू होतो. गिटार आणि बास चालू ठेवून मँडोलिनची रिकामी झालेली जागा आपण भरायची, आणि तीही सलग पंधरा मिनिटे, एकही सूर वेगळा न वाजवता. सुरुवातीला पांढरी पाचचा, म्हणजे जी पट्टीचा नेहमीचा चॉप घ्यावा: जाड तारेवर सातवा पडदा (फ्रेट), त्यानंतर अनुक्रमे पाचवा, दुसरा आणि तिसरा. या आकारात एकही तार मोकळी नसल्याने तोच हात दोन पडदे वर सरकवला की ए मिळतो आणि आणखी दोन पडदे सरकवला की बी. आघात बासच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडतो आहे की नाही, हे नुसती टिकटिक देणाऱ्या मेट्रोनोमपेक्षा या साथीत फार लवकर कळते, कारण इथे चुकलेला आघात गिटारच्या आवाजाशी भांडतो.

पट्टी बदलण्याची सोय अनेकांना गायकांसाठीची वाटेल, पण मँडोलिनवादकालाही तिची तितकीच गरज आहे. गायकाने बी किंवा बी फ्लॅट मागितला की गिटार आणि बँजोवाले कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावून आपल्या ओळखीच्या आकारांत वाजवत राहतात. मँडोलिनवर कॅपो लावण्याची पद्धत नसल्याने आपल्याला मोकळ्या तारांचा आधार सोडून बंद आकारांतच ब्रेक, म्हणजे आपल्या वाट्याचे एकल वादन, वाजवावा लागतो. म्हणून जी धून मूळ पट्टीत व्यवस्थित बसली आहे ती रियाजाच्या अखेरीस बी मध्ये लावून, पुष्कळ कमी लयीत, एकदा तरी वाजवावी. जॅममध्ये, म्हणजे वादकांनी जमून एकत्र वाजवण्याच्या मेळाव्यात, बसण्यापूर्वी याहून उपयुक्त तयारी मला माहीत नाही.

तुकडा फिरवण्याच्या सोयीचा उपयोग अडलेल्या जागेपुरता करावा. ‘ओल्ड जो क्लार्क’ या पारंपरिक धुनेच्या दुसऱ्या भागात ए वरून जी वर जाताना उजव्या हाताची खाली-वर अशी चाल बिघडत असेल, तर तेवढ्याच चार मात्रांच्या दोन-तीन घरांवर काम करावे, आणि ते सुटल्यावर लगेच संपूर्ण भाग वाजवून पाहावा, एरवी तो तुकडा सुटा असताना उत्तम येतो आणि धुनेत पुन्हा अडतो.

लय आपोआप वाढवण्याच्या सोयीबद्दल मात्र माझे मत फारसे अनुकूल नाही. ती आकर्षक आहे, म्हणूनच फसवी आहे. लय हळूहळू चढत असताना मनगट कधी ताठरले हे वादकाच्या लक्षात येत नाही, आणि मग ताठ हाताने जलद वाजवण्याचीच सवय पक्की होते. दोन ठोक्यांचे माप धरून मोजल्यास जॅममधल्या धुना साधारण शंभर ते एकशेवीसच्या घरात चालतात. त्यासाठी साठवर स्वच्छ वाजवून, मग एकदम शंभरवर दोन आवर्तने घेऊन, पुन्हा सत्तरवर उतरणे मला अधिक फलदायी वाटते, कारण शंभरवर कोणते सूर गाळावे लागतात हे त्यात दिसून येते. जलद लयीत सूर गाळणे कमीपणाचे नाही, अनुभवी वादकही तेच करतात.

ॲपच्या काही मर्यादा मात्र त्याच्या स्वरूपातच आहेत. ते आपले वाजवणे ऐकत नाही. गाणारा सुरू झाला की चॉपचा आवाज कमी करणे आणि बँजोच्या ब्रेकमागे तो पुन्हा ठाम करणे हा संयम त्यातून शिकता येत नाही. त्याहून मोठी उणीव किक-ऑफची आहे: जॅममध्ये धून सुरू करणाऱ्यानेच लय ठरवून सर्वांना आत घ्यायचे असते, आणि इथे ते काम यंत्र मोजणी देऊन करून टाकते. म्हणून प्रत्येक बैठकीत निदान एक धून साथीशिवाय, पायाने ताल धरून, स्वतः सुरू करावी. जुन्या ध्वनिमुद्रणांतून बारकावे उचलायचे असतील तर ‘अमेझिंग स्लो डाउनर’सारखे, पट्टी तशीच ठेवून लय कमी करणारे ॲप वेगळे घ्यावे लागेल, मन्रो यांचा उजवा हात कॉर्डच्या तक्त्यात सापडत नाही.

सुरुवातीची विनामूल्य मुदत संपल्यावर ॲपसाठी वर्गणी भरावी लागते. ज्याला तीन-चार कॉर्डचे चॉप आणि दोन धुना अजून येत नाहीत, त्याने ती मुदत इतक्यात सुरू करू नये, तोपर्यंत फुकट मिळणारा मेट्रोनोम पुरेसा आहे. ज्याला धुना येतात पण इतरांबरोबर वाजवायला जवळपास कोणी नाही, आणि भारतात ब्लूग्रास वाजवू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची स्थिती हीच असते, त्याने वर्गणी वर्षभरासाठी भरावी आणि पहिल्याच दिवशी त्यातील मँडोलिनचा आवाज बंद करावा.