जुना इरिडियम वाशीला पोचवणारी सेवा: गाडी चोख, लेबल कच्चं

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात कास्टिंग नि वेल्डिंग तपासायला किरणोत्सारी इरिडियम-192 चे गॅमा कॅमेरे लागतात; त्यांची किरणं धातूच्या आरपार जाऊन आतले दोष फिल्मवर उमटवतात. दर 74 दिवसांनी स्रोताची, म्हणजे आतल्या इरिडियमची, ताकद निम्मी होते. फिल्मला वेळ फार लागायला लागला की तो स्रोत वाशीला, ब्रिट या किरणोत्सारी स्रोत पुरवणाऱ्या सरकारी संस्थेकडे परत धाडायचा. ही ने-आण करणाऱ्या स्थानिक वाहतूकदारांपैकी एकाच्या कामाची ही पारख.

गाडी उत्तम. बंद बॉडी, दोन्ही बाजूंना आणि मागे '7' आकड्याचे (किरणोत्सारी मालाची खूण) फलक, आत पेटी तळाच्या कड्यांना दोन पट्ट्यांनी आवळलेली. कसारा घाट उतरताना पेटी जागची हलली तर सगळंच बिघडतं, म्हणून या पट्ट्या ओढून बघाव्यात. इथे त्या तसूभरही सरकल्या नाहीत. पेटी मागच्या दाराशी ठेवली होती, त्यामुळे ड्रायव्हरच्या सीटवर मीटरने तासाला 2 मायक्रोसीव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) दाखवले. मर्यादा 20 ची आहे. सोबत फक्त मदतनीस, तिसरं माणूस नाही. हेही बरोबर.

घोळ लेबलचा. पेटीबाहेरच्या किरणोत्सारानुसार लेबलची पायरी ठरते; 'तीन-पिवळं' ही 'दोन-पिवळं'च्या वरची. ऑफिसातूनच 'दोन-पिवळं' लेबल छापून आणलं होतं, वाहतूक निर्देशांकाच्या (एक मीटरवरच्या मापावरून काढलेला आकडा) चौकटीत 0.9. हा आकडा ठीक होता: एक मीटरवर तासाला 9 मायक्रोसीव्हर्ट, भागिले 10. पण पेटीच्या पृष्ठभागावर वाचन 620 होतं. 500 च्या वर गेलं की निर्देशांक कितीही कमी असो, लेबल 'तीन-पिवळं'च लागतं. दोन्ही कसोट्यांपैकी जी वरची, ती धरायची. पृष्ठभागाचं माप कुणी घेतलंच नव्हतं. लेबल बदलून, समोरासमोरच्या दोन बाजूंना लावून, कागद नव्याने करण्यात दीड तास गेला.

हा दीड तास वाहतूकदाराच्या माथी मारून भागत नाही. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियमांत पेटी, लेबल आणि घोषणापत्र यांची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. त्याच्या आरएसओने (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) मीटर घेऊन गाडीपाशी उभं राहायलाच हवं. ई-लोरा या एईआरबीच्या ऑनलाइन यंत्रणेवरची परवानगी, घोषणापत्र आणि ट्रेमकार्ड (अपघात झाल्यास काय करायचं ते सांगणारं कार्ड) ड्रायव्हरच्या हाताशी हवं, पेटीबरोबर मागे कुलपात नव्हे.

वाहतूकदाराचा माणूस परतीच्या कॅमेऱ्याला 'रिकामा' म्हणत होता. स्रोत काढला तरी आतलं कवच क्षीण युरेनियमचं असतं. तो माल किरणोत्सारीच, कागदही त्याचेच लागतात. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं यंत्र लिलावातून भंगारात गेलं आणि एक माणूस जिवाला मुकला. म्हणून या एका शब्दावर आम्ही अडून बसतो.

काम यांना जरूर द्यावं. मात्र लेबल कोरं मागवावं, आकडे मोजमाप झाल्यावर पेटीपाशीच भरावेत, आणि वाशीची शिक्क्याची पोच, स्रोताच्या क्रमांकासह, हाती येईपर्यंत बिल रोखून धरावं.