हिप्नोबर्थिंग की एपिड्युरल?

ठाण्यात दिवस भरत आलेल्या बऱ्याच जणी हल्ली हा प्रश्न विचारतात. माझं मत आधीच सांगते: या दोघांत भांडण नाहीच.

एपिड्युरलमध्ये भूलतज्ज्ञ कमरेपाशी पाठीत बारीक नळी घालून औषध देतात. कळांचं दुखणं कमी करायला याच्याइतका खात्रीचा उपाय नाही. कधी रक्तदाब उतरतो, पाय जड होतात, काहींना लघवीसाठी नळी लागते. आणि हे सगळं हॉस्पिटलात पोचल्यावरच.

हिप्नोबर्थिंग म्हणजे संमोहन आणि श्वास यांच्या सरावाने कळा सोसायला शिकणं. ते घरूनच सुरू होतं. संमोहन म्हटलं की स्टेजवरचे प्रयोग आठवतात, पण इथे शुद्ध हरपत नाही. कळ चढू लागली की चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यायचा, आठ मोजत सोडायचा. जबडा सैल, खांदे सैल. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकलेली असताना हाताशी एवढंच असतं, आणि ते थोडं नाही! मात्र रोजचा सराव हवा. नववा महिना सरताना क्लास लावून फारसं हाती लागत नाही.

कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या २०१६ च्या आढाव्यात (९ चाचण्या, २,९५४ बायका) संमोहन शिकलेल्यांनी वेदनाशामकं एकूण कमी घेतली, पण एपिड्युरल घेण्याचं प्रमाण काही घटलं नाही. तेव्हा ‘वेदनारहित बाळंतपणा’ची हमी देणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. कळांची भीती मनात घर करून बसली असेल तर मात्र जरूर शिका.

हॉस्पिटलात नाव घालतानाच विचारा: रात्री भूलतज्ज्ञ मिळतात का, आणि लेबर रूममध्ये नवऱ्याला किंवा आईला थांबू देतात का.