स्विस ट्रॅव्हल पास: मे महिन्यात निघणाऱ्यांनी आधी कॅलेंडर बघा

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची कुटुंबं आल्प्सला निघतात ती मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, कारण लेकरांना सुट्टी तेव्हाच असते. अडचण अशी की या दोन्ही वेळी तिकडं हंगाम बदलत असतो. स्कीइंग संपल्यावर वसंतात आणि पुन्हा नोव्हेंबरात बरेच रोपवे तपासणी-दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, आणि मेमध्ये उंचावरच्या पायवाटा बर्फाखालीच असतात. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे स्वित्झर्लंडभर फिरायचं एकच तिकीट, खिशात आणि डोंगर बंद, असं होऊ नये म्हणून मेचा शेवटचा आठवडा ते १० जून हा काळ धरा. आपल्याकडं शाळा उघडायच्या आत परत येता येतं. ज्या डोंगरावर जायचंय त्याच्या वेबसाइटवर रोपवेच्या बंद तारखा बघा आणि मगच पासचे पैसे भरा.

पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. रेल्वे, बस, तलावांवरच्या बोटी, शहरांतल्या ट्राम आणि ५०० हून जास्त संग्रहालयं, सगळं त्यात येतं. फसगत होते ती डोंगरांवर. ३,४५४ मीटरवरचं युंगफ्राउयोख हे बर्फातलं ठिकाण पासमध्ये फुकट आहे असं समजून बरेच जण जातात. पास चालतो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत. पुढच्या तिकिटावर फक्त २५ टक्के सूट, आणि ते तिकीट चांगलंच महाग. टिटलिस डोंगराला एंगेलबर्ग गावापर्यंत फुकट, वर निम्मे पैसे.

रिगी डोंगर मात्र पूर्ण पासमध्ये आहे, आणि पासचे पैसे खरे वसूल होतात ते इथंच. ल्युसर्नहून बोटीनं तासाभरात व्हिट्झनाउ. धक्क्यासमोरच दातेरी रुळांची गाडी उभी असते. हा मार्ग १८७१ चा, डोंगर चढणारा असला युरोपातला पहिला. साधारण अर्ध्या तासात १,७९८ मीटरच्या शिखराजवळ. उतरताना दुसऱ्या बाजूनं आर्थ-गोल्डाउला या आणि तिथून रेल्वेनं ल्युसर्न. दिवसभरात एकही वेगळं तिकीट लागत नाही. बोटीत एक ध्यानात ठेवा: वरचा मजला फर्स्ट क्लासचा. सेकंड क्लासचा पास असेल तर खालीच बसायचं; वर जाऊन बसलात तर फरक भरावा लागतो.

दिवस मोजताना चूक होते. पास तारखेप्रमाणे चालतो, २४ तासांप्रमाणे नाही. संध्याकाळी झुरिकला उतरून त्याच दिवसापासून पास सुरू केला तर एक पूर्ण दिवस गेला. मुंबईहून रात्री उशिराचं थेट विमान सकाळी पोचतं, त्याला पास त्याच दिवसापासून घ्यावा. इतरांनी त्या दिवशी साधं तिकीट काढावं. सलग फिरणार नसाल तर फ्लेक्स पास बघा, त्यात महिनाभरात दिवस आपण निवडायचे.

सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना आई किंवा वडिलांसोबत फॅमिली कार्डावर फुकट प्रवास. कार्डाला पैसे पडत नाहीत, पण पास काढतानाच मागून घ्यावं लागतं. मामा-मावशीसोबत जाणाऱ्या भाच्याला हे लागू नाही.

रोज मुक्काम हलवणार असाल, म्हणजे झुरिक, ल्युसर्न, इंटरलाकेन, झेरमाट असं, तर पास डोळे झाकून घ्या. एकाच गावी राहून दोन-तीन डोंगरच करायचे असतील तर महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड (निम्म्या भाड्यात तिकीट देणारं) स्वस्त पडतं. त्यावर युंगफ्राउयोखलाही निम्मी सूट मिळते, पासपेक्षा जास्त. ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेस या निसर्ग बघायच्या खास गाड्यांची सीट, पास असो की कार्ड, वेगळे पैसे भरूनच राखावी लागते.

पास काढायचा तो व्हिसा हातात आल्यावर. शेंगेन व्हिसाचा (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरो लागतं, आणि बोटांच्या ठशांसाठी मुंबई किंवा पुण्यासारखं केंद्र गाठावं लागू शकतं. त्या एका दिवसाची रजा आधीच धरा. पासवरचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर भरा. गाडीत तपासनीस क्यूआर कोड स्कॅन करतो आणि पासपोर्टही मागू शकतो, तेव्हा तो हॉटेलात ठेवून फिरू नका.