वस्तीतला दवाखाना आणि एचआयव्हीचा पेशंट : नागपूरच्या ओपीडीची परीक्षा

मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराची केंद्रं आहेत, औषधं मोफत आहेत, म्हणजे उपचार सुरू करायला नागपूरच्या माणसाला मुंबई गाठावी लागत नाही. पण तब्येत स्थिरावली की केंद्रावरची फेरी काही महिन्यांतून एकदाच होते. मधल्या काळात ताप, जळजळ, शुगर, गुडघेदुखी झाली की पेशंट जातो तो गल्लीतल्या डॉक्टरकडे. आपण पाहतोय ती ही सेवा.

आमचं मत आधीच सांगतो. ताप-खोकला बघण्यात हे दवाखाने पक्के आहेत, चालू गोळ्यांच्या चौकशीत कच्चे आणि गुप्ततेत सगळ्यात कच्चे. एचआयव्हीचं औषध इथे कुणी लिहून द्यावं अशी अपेक्षाच नाही. आपण लिहिलेल्या औषधाने ते औषध निकामी होऊ नये, एवढी तयारी हवी.

बहुतेकांची गोळी आता एकच असते, टीएलडी. तीत टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ, रोज एकदा. आता ओपीडीतली रोजची चिठ्ठी समोर घ्या : आम्लपित्तासाठी अँटासिड जेल, अशक्तपणासाठी कॅल्शियम आणि लोह, अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक. जेलमधले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम पोटातच डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात, ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणून टीएलडी जेलच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. पेशंट रात्री ९ ला गोळी घेत असेल, तर दुपारी ३ ते रात्री ११ जेल बंद. वेळा अशा आकड्यांत लिहून द्याव्यात; ‘अंतर ठेवून घ्या’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही. कॅल्शियम-लोह जेवणासोबत असेल तर टीएलडीबरोबर चालतं, उपाशीपोटी नाही. आम्लपित्ताचंच पँटोप्राझोल डोल्युटेग्राविरला चालतं, पण पहिली औषधं लागू न पडल्याने पेशंट दुसऱ्या फळीच्या अटाझानाविरवर असेल तर तेच पँटोप्राझोल घात करतं. म्हणून ‘एआरटी चालू आहे’ एवढं कळून भागत नाही, गोळीचं नाव लागतंच.

डायक्लोफेनॅकचा प्रश्न नागपुरात मे महिन्यात जास्त बोचतो. उन्हात राबून पाणी आटलेला माणूस, त्यात टेनोफोविर, वर दुखण्याचं इंजेक्शन : तिन्हींचा भार किडनीवर. पॅरासिटामॉल आणि ओआरएसवर भागत असेल तर तेवढंच द्यावं आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं. याच्या उलट चूकही होते. डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढतं, कारण ते लघवीवाटे बाहेर पडण्याचा एक मार्ग अडतो. किडनी बिघडलेली नसते. असा रिपोर्ट पाहून गोळीच बंद करायला सांगणं वाईट. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर टेनोफोविर-लॅमिव्हुडिन अचानक थांबवल्याने यकृत भडकू शकतं.

मधुमेहात मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिग्रॅच्या वर नेऊ नये, डोल्युटेग्राविरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅचा आणखी एक डोस १२ तासांनी लागतो, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही २ आठवडे. म्हणून दर भेटीत चार प्रश्न : खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम सुटतो का. याला अर्धा मिनिट लागतो.

गोळ्यांची चौकशी फसते ती बसण्याच्या जागेमुळे. टेबलापासून चार फुटांवर पुढचे तीन पेशंट बाकावर, मध्ये पडदा. अशा वेळी ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ याला ‘बीपीची’ हेच उत्तर मिळणार. दार लावा आणि विचारा : ‘रोजच्या सगळ्या गोळ्या सांगा, सरकारी केंद्रातून मिळतात त्याही. इथून बाहेर जाणार नाही.’ आणि ते खरोखर बाहेर जाऊ नये. फाईलच्या कव्हरवर लाल पेनने लिहिणं, कंपाउंडरला ओरडून सांगणं हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या विरुद्ध आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करणं आणि उपचार नाकारणं, दोन्ही त्यात बसत नाहीत. काही ठिकाणी ड्रेसिंगला नकार मिळतो तो भीतीपोटी, पण हातमोजे आणि सुईचा डबा तर प्रत्येक पेशंटला सारखेच लागतात.

एचआयव्ही असलेल्या पेशंटला वापरलेली सुई कर्मचाऱ्याला टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये. संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के. प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, २ तासांत मिळालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. ते कुठून आणायचं हे आधीच ठरवून भिंतीवर लिहिलेला दवाखाना आमच्या लेखी तयार.

केंद्राकडे पाठवताना चिठ्ठीत चालू गोळ्या, आपण दिलेली औषधं, वजन आणि क्रिएटिनिन लिहावं, पाकीट बंद करून ते पेशंटच्याच हातात द्यावं. शंका असेल तर १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.