डे-केअर की घरी ब्युरोची बाई?

आईला अल्झायमर आहे हे कळल्यावर पहिला प्रश्न: दिवसभर कोण बघणार? ब्युरोची, म्हणजे आजाऱ्यांसाठी माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, बाई बारा तास घरी येते. आंघोळ, औषधं, डायपर सगळं बघते. आईची खोली, देव्हारा सुटत नाही. पण आमच्याकडे चार महिन्यांत तीन बाया बदलल्या. प्रत्येक नव्या चेहऱ्याला आई विचारायची, "तू कोणाची गं?" आणि कपाटाच्या किल्ल्या पदराला बांधून बसायची. दुपारी बाई मोबाइलमध्ये, आई खिडकीत.

डे-केअरमध्ये दिवसाला काही आकार येतो. हलका व्यायाम, जुनी गाणी, मटार सोलणं. (मटार सोलताना आई जितकी शांत असते तितकी घरी कधी नसते.) तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तरी तिथं कुणी चिडत नाही, घरी मी चिडते. अडचण ने-आणीची, आणि अशी केंद्रं बहुतेक मोठ्या शहरांतच.

माणूस चालतं-फिरतं असेल तर माझं मत डे-केअरला. अंथरुणाला खिळल्यावर मात्र बाईच. जवळच्या केंद्राची चौकशी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर करता येते, किंवा १९९२ पासून काम करणाऱ्या 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया'च्या शाखांकडे.