बेनिफिट इयर संपतंय: नवा क्लेम मार्चमध्ये, एप्रिलमध्ये की जुलैमध्ये?

अमेरिकेत लेऑफ झाला की पहिल्या आठवड्यात सगळे मदतीला धावतात. रेझ्युमे पाहून देतात, बेकारभत्त्याचा अर्ज कसा भरायचा ते सांगतात. वर्षभराने तो क्लेम संपतो तेव्हा विचारायला कोणी नसतं, आणि पैशांचं खरं नुकसान तिथे होतं.

आधी एक गैरसमज दूर करू. क्लेमचं वर्ष, म्हणजे बेनिफिट इयर, ५२ आठवड्यांचं असतं. ते संपलं की खात्यात दिसणारी शिल्लक तुमची राहत नाही. ती पुढच्या वर्षात जात नाही आणि जुना क्लेम वाढवूनही मिळत नाही. "नवा क्लेम केला तर रक्कम घटेल, म्हणून जुन्यावरच राहा" हा सल्ला आजही फिरतो. तो कोविडच्या काळातला आहे. तेव्हा केंद्राच्या जादा योजना होत्या, आणि डिसेंबर २०२० च्या कायद्याने नवी रक्कम आठवड्याला किमान २५ डॉलरने कमी भरत असेल तर जुन्या रकमेवर राहायची सोय राज्यांना दिली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या योजना बंद झाल्या. आता नवा क्लेम करावाच लागतो, आणि त्यात रक्कम पुन्हा पहिल्यापासून ठरते.

ती ठरते बेस पिरियडवरून: शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार. मार्च २०२६ मध्ये अर्ज केला तर ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ चा पगार धरतात. एप्रिलमध्ये केला तर जानेवारी ते डिसेंबर २०२५ चा, आणि जुलैमध्ये केला तर एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चा. म्हणजे अर्जाची तारीख एका तिमाहीतून दुसऱ्या तिमाहीत गेली, की तुमच्या हिशेबातून अख्खे तीन महिने गळतात आणि नवे तीन येतात.

समजा, एका बाईंना आठवड्याला १,८०० डॉलर पगार होता. मार्च २०२५ अखेर नोकरी गेली आणि ३० मार्चपासून क्लेम सुरू झाला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी एका डेकेअरमध्ये आठवड्याला ४०० डॉलरचं पार्ट टाइम काम धरलं आणि ते चालूच ठेवलं. बेनिफिट इयर २८ मार्च २०२६ ला संपतं. याच बाई सनीव्हेलला असत्या तर काय झालं असतं, आणि एडिसनला असत्या तर काय?

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

इथे कमाल भत्ता आठवड्याला ४५० डॉलर, आणि तो २००५ पासून हललेला नाही. पार्ट टाइम कमाईतले २५ डॉलर किंवा कमाईचे २५ टक्के, जे जास्त असेल ते सोडून बाकीचं भत्त्यातून वजा होतं. ४०० मधले १०० सुटतात आणि ३०० कापले जातात, म्हणून बाईंना दर आठवड्याला १५० मिळतात. एकूण मंजूर ११,७०० (४५० चे २६ आठवडे) पैकी वर्षअखेर साधारण ३,४५० उरतात आणि बुडतात.

पण कॅलिफोर्निया रक्कम ठरवताना फक्त सर्वांत जास्त कमाईची तिमाही पाहतं. मार्चमध्ये अर्ज करा किंवा एप्रिलमध्ये, जानेवारी ते मार्च २०२५ ही जुन्या पगाराची तिमाही हिशेबात असतेच. त्यामुळे पुन्हा ४५० लागू होतात. पहिला आठवडा बिनपैशाचा जातो, तो प्रत्येक नव्या क्लेमला जातोच. त्या जुलैपर्यंत थांबल्या तर मात्र मोठ्यात मोठी तिमाही ५,२०० डॉलरची, आणि भत्ता सुमारे २००. त्यातून ३०० वजा करायचे, म्हणजे डेकेअर चालू असेपर्यंत हातात काहीच येत नाही.

एडिसन, न्यू जर्सी

इथे २०२५ मध्ये कमाल भत्ता ८७५ होता आणि बिनपैशाचा आठवडा नाही. भत्त्यात २० टक्के मिळवून त्यातून कमाई वजा करतात: १,०५० वजा ४००, म्हणजे आठवड्याला ६५०. पहिल्या वर्षी हे कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी सुखाचं. मात्र मंजूर रकमेचे २२,७५० डॉलर नोव्हेंबरातच संपतात आणि नव्या क्लेमपर्यंत चार महिने फक्त डेकेअरचा पगार.

खरी धास्ती पुढे आहे. न्यू जर्सी सर्वांत चांगली तिमाही बघत नाही, सरासरी काढते. बेस पिरियडमधली कमाई भागिले कामाचे आठवडे, आणि त्याचे ६० टक्के. मार्च संपण्याआधी अर्ज केला तर जुन्या पगाराचे २६ आणि डेकेअरचे २३ आठवडे धरले जातात. सरासरी साधारण १,१४३, भत्ता ६८५. काम चालू ठेवून आठवड्याला ४२२ मिळतात. एप्रिल लागल्यावर अर्ज केला तर जुन्या पगाराचे १३ आणि डेकेअरचे ३६ आठवडे. भत्ता ४६२ वर येतो, हातात १५४. जुलैमध्ये भत्ता २४०, आणि ४०० ची कमाई वजा जाता शून्य.

क्लेम संपल्यावर एखादा आठवडा "बघू नंतर" म्हटलं, तर सनीव्हेलच्या बाईंचं फक्त त्या आठवड्याचं जातं. एडिसनच्या बाईंचं दर आठवड्याला २६८ डॉलरचं नुकसान होतं, आणि ते पुढच्या सबंध क्लेमभर. म्हणून न्यू जर्सीतल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की वर्ष संपायची तारीख महिनाभर आधी शोधून ठेवा आणि ती तिमाहीच्या कोणत्या बाजूला पडते ते पाहा.

थांबणं कुणाला फायद्याचं? ज्यांना मधल्या काळात आधीपेक्षा चांगला पगार मिळाला आणि तीही नोकरी गेली, त्यांना. तरी माझ्या मते दोन-तीन आठवड्यांपलीकडे थांबण्यात अर्थ नाही, कारण थांबलेल्या आठवड्यांचे पैसे मागाहून मिळत नाहीत. आणि शेवटच्या चार तिमाह्या धरणारा दुसरा बेस पिरियड कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत आपल्या सोयीने निवडता येत नाही. नेहमीच्या हिशेबात तुम्ही बसला नाहीत तरच तो लावतात.

वर्षभरात काहीच काम केलं नसेल, तर हा सगळा हिशेब लागूच होत नाही. जुना पगार कागदावर दिसत असला तरी दुसऱ्या क्लेमसाठी मधल्या काळात काम केलेलं असावं लागतं. न्यू जर्सीत पहिला क्लेम सुरू झाल्यानंतर किमान चार आठवडे काम आणि आठवड्याच्या भत्त्याच्या सहापट कमाई हवी. आपल्या उदाहरणात ती ५,२५० डॉलर होते. न्यू यॉर्कमध्ये दहापट. कॅलिफोर्नियात एखादा क्लेम पात्र ठरण्याइतकी कमाई, उदाहरणार्थ एका तिमाहीत १,३०० डॉलर, आणि थोडं तरी प्रत्यक्ष काम. "चारशे डॉलरसाठी डेकेअर कशाला, तेवढा भत्ताच कापतात" असं घरचे म्हणतात तेव्हा हे कुणाच्या लक्षात येत नाही, की दुसऱ्या वर्षाचा दरवाजा त्याच कामाने उघडा राहतो.

एडिसनला राहून रोज मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्यांचा क्लेम न्यू यॉर्कचा असतो, कारण राज्य कामाच्या जागेवरून ठरतं. तिथे कमाल भत्ता ऑक्टोबर २०२५ मध्ये ५०४ वरून ८६९ वर गेला, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरा क्लेम जुन्यापेक्षा मोठाही निघू शकतो. बेस पिरियडमध्ये दोन राज्यांत कमाई असेल तर ती एकत्र करून त्यांपैकी कोणत्याही एका राज्यात अर्ज करता येतो. दोन्हीकडचा आकडा काढूनच ठरवा.

एच-फोरवरच्या, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकांनी आणखी एक तारीख याच कॅलेंडरवर लिहावी, ती वर्क परमिट संपण्याची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. परमिट संपलं की तुम्ही कामाला उपलब्ध धरल्या जात नाही, आणि त्या आठवड्यांचा भत्ताही मिळत नाही. मार्चमध्ये क्लेम आणि एप्रिलमध्ये परमिट संपत असेल, तर आधी परमिटचा अर्ज पाठवा.