टेलिकन्व्हर्टर: १.४एक्स घ्या, २एक्सला घाई नको

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारं भिंग; १.४एक्स चित्र १.४ पट मोठं करतो, २एक्स दुप्पट. तो नवा तपशील आणत नाही. लेन्सने दिलेलंच ताणून मोठं करतो, दोषांसकट. त्यामुळे तुलना करायची ती क्रॉपशी, म्हणजे कन्व्हर्टरशिवाय काढलेला फोटो कापून मोठा करण्याशी. क्रॉप तेवढ्याच आकाराचा करून तेवढंच दिसत असेल, तर पैसे वाचले.

निकॉनच्या ३०० मिमी एफ/४ पीएफ लेन्सवर टीसी-१४ई ३ (निकॉनचा १.४एक्स) लावला की ४२० मिमी एफ/५.६ मिळतो; एफचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी. पिसांचे दोरे सुटे दिसतात, क्रॉपपेक्षा सरस. गोव्यातल्या बोंडला अभयारण्याच्या दाट सावलीत मात्र गेलेला एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, जाणवतो: १/५०० सेकंदाला आयएसओ १६०० पुरत असेल तिथे ३२०० लागतो.

हाच कन्व्हर्टर निकॉनच्याच २००-५०० एफ/५.६ झूमवर लावला की ७०० एफ/८ होतं. कॉन्ट्रास्ट पडतो; एफ/१० ला बरा. निकॉन डी५०० कॅमेऱ्याचे १५३ पैकी १५च फोकस पॉइंट चालतात, त्यामुळे गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीतल्या खंड्याऐवजी पुढच्या मुळावर फोकस बसतो. उलट जवळच्या चतुरांसाठी ही जोडी मस्त: किमान अंतर २.२ मीटरच राहतं, आकार १.४ पट.

सोनी २००-६०० वर १.४एक्स (८४० एफ/९) कडक उन्हात चालतो. २एक्स लावला की १२०० एफ/१३. तिथे विवर्तनाचा ठिपका (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरून एका बिंदूचा होणारा डाग) सुमारे १७ मायक्रॉनचा, तर २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा. शार्पनिंगने काय होणार? २एक्स एफ/२.८ किंवा एफ/४ च्या प्राइमसाठी (झूम नसलेल्या लेन्ससाठी) ठेवा. कॅनन आरएफ १००-५०० वाल्यांनी बॅग आधी मोजावी: एक्स्टेंडर (कॅननचं टेलिकन्व्हर्टरला नाव) लावल्यावर झूम ३०० च्या खाली येत नाही, लेन्स मिटत नाही.

विकत घेण्याआधी दुकानातच तपासा. १५-२० मीटरवर वर्तमानपत्र, ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यू, दोन सेकंदांचा टायमर. प्रत्येक वेळी फोकस नव्याने, पाच फ्रेम, त्यातली उत्तम क्रॉपशेजारी. लाइव्ह व्ह्यूत स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ आलं, तर दोष काचेचा नाही. डीएसएलआरवर लेन्स-कन्व्हर्टर जोडीचं फाइन-ट्यून (कॅमेऱ्याच्या मेनूतून फोकस किंचित पुढे-मागे जुळवणं) वेगळं करावं लागतं.

ऊन चढल्यावर चोडणच्या चिखलावर हवा थरथरते. तेव्हा फोटो मऊ आला म्हणून कन्व्हर्टरला बोल लावू नका, जवळचा पक्षी शोधा.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून लगेच कन्व्हर्टर बदलू नका. थंड काचेवर आतून वाफ धरते, आणि गोव्याच्या दमटपणात पुढे बुरशी.